केळे, गॅस आणि जुना फ्रिज

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन स्थानकांबाहेर संध्याकाळी केळ्यांच्या हातगाड्या लागतात. लोकलमधून उतरलेली माणसे घरी जाता जाता डझन-अर्धा डझन केळी घेतात आणि घेण्याआधी एक प्रश्न बहुतेक जण विचारतात : ‘गॅसवरची नाहीत ना?’ गाडीवाल्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘नाही ताई, झाडावर पिकलेली आहेत.’

हे उत्तर खरे नसते आणि खरे असूही शकत नाही. केळे झाडावर पूर्ण पिकू दिले तर त्याची साल उकलते, गर पिठूळ होतो आणि घड माणसाच्या आधी पाखरांच्या व वटवाघळांच्या हाती लागतो. म्हणून शेतकरी घड हिरवाच, पण भरलेला असताना उतरवतो. शिवाय आपल्या या पट्ट्यात विकले जाणारे बहुतेक केळे इथले नसते. एका बाजूने ते जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडून येते, दुसऱ्या बाजूने सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडून. परदेशात इक्वेडोरचे केळे बोटीने युरोपात जाते, तसे आपले केळे ट्रकने घाट उतरून येते. अंतर कमी असले तरी रीत एकच आहे : हिरवे काढायचे, हिरवेच न्यायचे आणि जिथे विकायचे त्या गावात पिकवायचे. जिथे पिकवतात ती जागा म्हणजे केळ्यांची वखार, आणि तिथे केळे पिकवण्यासाठी आजकाल गॅसच वापरतात.

मग गाडीवाला खोटे का बोलतो? कारण ‘गॅस’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला आहे. त्यातली एक बेकायदा व धोक्याची आहे. दुसरी कायद्याने मान्य आहे आणि केळे ती स्वतःच्या अंगातही तयार करते. या दोन गोष्टींमधला फरक गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, म्हणून प्रामाणिक विक्रेत्यालाही खोटे बोलावे लागते. हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

फ्रिजकडून केळ्याकडे

मी फळांचा शास्त्रज्ञ नाही. गेली वीसेक वर्षे मी जुनी घरगुती यंत्रे, त्यातही जुने फ्रिज, दुरुस्त करून चालू ठेवतो. माझे शिक्षण म्हणजे कारखान्यातली नोकरी, वाचनालयातली पुस्तके आणि उल्हासनगरच्या मिस्त्रींची संगत. या गावाचा दुरुस्तीशी संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. हातात भांडवल नसलेल्या माणसांनी बराकींमध्ये संसार मांडले आणि मिळेल ते काम धरले. वस्तू टाकून न देता तिच्यातून पुन्हा काम काढून घेण्याची सवय तिथे अजून आहे. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, फ्रिज, काहीही घेऊन जा. कुठल्या तरी गल्लीत ते उघडणारा माणूस सापडतो.

गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला १९५८ मध्ये सुरुवात केली. पुढे केल्व्हिनेटर, ऑल्विन ही नावे घराघरांत आली. गोल कडांचे, जाड पत्र्याचे, दार लावताना धप्प आवाज करणारे ते फ्रिज अजून कुठे कुठे दिसतात. त्यांचे रबर कडक झालेले असते, थर्मोस्टॅट अडकलेला असतो, रिले जळालेला असतो. पण कॉम्प्रेसर पुष्कळदा धडधाकट निघतो. असा फ्रिज दुरुस्तीला आला की घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘गॅस संपला असेल का हो?’

फ्रिजमधला गॅस चुलीच्या गॅससारखा जळून संपत नाही. नळीला कुठे छिद्र पडले तरच तो कमी होतो. त्याचे काम ओझे वाहण्याचे आहे. आतल्या नळ्यांत तो उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता कप्प्यातल्या भाजी-दुधाकडून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून मागच्या जाळीत ढकलतो. तिथे तो पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता खोलीत सोडून देतो. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण केळ्याच्या वखारीत त्याची गरज पडणार आहे.

या गॅसचा इतिहासही आपल्या विषयाला धरून आहे. सुरुवातीच्या फ्रिजांमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू असत. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये फ्रिजमधल्या गळतीने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलते भाग नसलेल्या फ्रिजची रचना केली होती. त्याच सुमारास अमेरिकेत टॉमस मिजली याने बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. तो जाहीर करताना १९३० मध्ये त्याने श्वासावाटे तो छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. तो आर-१२. आपल्याकडच्या जुन्या फ्रिजांमध्ये हाच गॅस होता. स्वयंपाकघरात त्याने कुणाचे काही बिघडवले नाही. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की अशा वायूंतला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि १ जानेवारी २०१०पासून आपल्याकडे या वायूंचा वापर, औषधांच्या फवाऱ्यासारखे अपवाद सोडता, थांबला.

आज जुना फ्रिज चालू करायचा तर आर-१२ नव्याने मिळत नाही. आर-१३४ए भरायचा तर कॉम्प्रेसरमधले जुने खनिज तेल काढून वेगळे तेल घालावे लागते. आयसोब्युटेन जुन्या तेलाबरोबर चालतो, पण तो पेट घेणारा असल्याने रिले आणि स्विच झाकून घ्यावे लागतात. थोडक्यात, नुसते ‘गॅस’ म्हणून काम भागत नाही. कोणता, किती आणि कुठे जाणार, हे विचारावे लागते. लोकांनी पन्नास वर्षे भीती बाळगली ती फ्रिजमधल्या भाजीची. नुकसान झाले ते पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर. केळ्याबाबतही आपली भीती अशीच चुकीच्या जागी बसलेली आहे.

केळ्याचा स्वतःचा गॅस

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांमध्ये रस्त्यावरचे दिवे कोळशापासून काढलेल्या गॅसवर जळत. या गॅसच्या नळ्या जिथे गळत, तिथल्या झाडांची पाने अवेळी झडत. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग इथे दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण अभ्यासकाला दिसले की प्रयोगशाळेतल्या हवेत वाटाण्याचे कोंब आखूड, जाड आणि आडवे वाढतात. बाहेरच्या हवेत मात्र सरळ. त्याने दिव्याच्या गॅसमधला एकेक घटक तपासला आणि दोषी पकडला : एथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजनचा हा साधा, रंगहीन वायू.

१९१० मध्ये जमैकातल्या कृषी खात्याच्या अहवालात कझिन्स यांनी इशारा दिला की बोटीवर संत्री आणि केळी शेजारी ठेवू नयेत, कारण संत्र्यांतून निघणाऱ्या कशाने तरी केळी वाटेतच पिकतात. अमेरिकेत त्या काळी हिरवी लिंबे पिवळी करण्यासाठी बंद खोलीत रॉकेलचे स्टोव्ह पेटवत. समजूत अशी की उबेने लिंबे पिकतात. स्टोव्ह काढून वाफेची ऊब दिली तर लिंबे हिरवीच राहिली. काम ऊब करत नव्हती, धुरातला वायू करत होता; आणि १९२४ मध्ये डेनी यांनी तो एथिलीन असल्याचे सिद्ध केले. पुढे १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये गेन यांनी दाखवले की पिकणारे सफरचंद स्वतःच एथिलीन सोडते. फळ तो वायू कसा तयार करते ही रासायनिक वाट १९७९ पर्यंत कॅलिफोर्नियातल्या शांग फा यांग यांच्या प्रयोगशाळेत उलगडली.

या शोधांमुळे आपल्या जुन्या रीतींचा अर्थ लागतो. आंब्याची आढी पेंढ्यात घालतात, तेव्हा फळांनी सोडलेला एथिलीन पेंढ्यात अडकून राहतो. कच्च्या फळांत एखादे पिकलेले ठेवण्याची आजीची युक्तीही तीच. केळ्यांच्या जुन्या वखारीत बंद खोलीत गोवऱ्या किंवा पालापाचोळा धुमसत ठेवून धुरी देत. अर्धवट जळण्यातून जो धूर निघतो त्यात थोडा एथिलीन असतो. म्हणजे ज्याला आपण ‘पारंपरिक, नैसर्गिक’ पिकवणे म्हणतो, तेही गॅसवरचेच पिकवणे होते. फरक इतकाच की त्या धुरात एथिलीनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असे, आणि तो खोलीत शिरणाऱ्या माणसाच्या छातीत जाई.

एथिलीन केळ्यात काही नवे घालत नाही. तो फक्त निरोप देतो. निरोप मिळाला की केळे आपल्या गतीने कामाला लागते. हिरव्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास पिष्ट असते. पूर्ण पिकेपर्यंत ते एक-दोन टक्क्यांवर येते आणि त्याची साखर होते. सालीतले हरितद्रव्य मोडते आणि आधीपासूनच तिथे असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तुरटपणा जातो, वास येतो. आणि एकदा सुरुवात झाली की केळे स्वतःच इतका एथिलीन सोडू लागते की बाहेरच्या गॅसची गरज उरत नाही. म्हणूनच वखारीत तो साधारण चोवीस तास दिला की पुरतो.

कार्बाइडची पुडी

आता दुसरा गॅस. नळ्या जोडायला मिस्त्री जी गॅस वेल्डिंगची ज्योत वापरतात, ती ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची. ॲसिटिलीन कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की निघतो. राखाडी दगडासारखे हे खडे वेल्डिंगच्या कामासाठी पूर्वीपासून बाजारात आहेत. एकेकाळी फेरीवाल्यांच्या गाड्यांवर कार्बाइडचे दिवे जळत. अशी स्वस्त, सहज मिळणारी वस्तू फळांच्या बाजारात पोहोचली यात नवल नाही. खड्यांची पुडी कागदात बांधून फळांच्या पेटीत ठेवली की फळांच्या अंगच्या ओलाव्यानेच ॲसिटिलीन निघू लागतो. ॲसिटिलीनची रचना एथिलीनच्या जवळची असल्याने फळ फसते आणि पिकू लागते. मात्र एथिलीनइतका परिणाम साधायला तो कितीतरी पट जास्त लागतो.

धोका मुख्यतः ॲसिटिलीनचा नाही. वेल्डिंगसाठी बनवलेले कार्बाइड शुद्ध नसते. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात आणि पाणी लागले की त्यांचेही वायू बनतात. कार्बाइडला जो लसणासारखा उग्र दर्प येतो तो याच मळाचा. पुडी फुटली तर भुकटी फळाला लागते. पण सर्वांत आधी भोगतो तो पुड्या बांधणारा, पेट्या भरणारा आणि बंद खोली उघडणारा हमाल. त्याच्या हातांची आग होते, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. शिवाय ॲसिटिलीन पेट घेतो, हे वेल्डिंग करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या जुन्या नियमांत ‘कार्बाइड गॅस’ने फळे पिकवण्यास मनाई होती, २०११च्या अन्न सुरक्षा नियमांत ती कायम राहिली. २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एथिलीन वायूला परवानगी दिली, हवेच्या दहा लाख भागांत जास्तीत जास्त शंभर भाग इतक्या प्रमाणात. एथेफॉन नावाच्या रसायनापासून हा वायू खोलीत सोडता येतो, पण फळे एथेफॉनच्या पाण्यात बुडवणे मान्य नाही. म्हणजे एकाच ‘गॅस’ शब्दाखाली एक गुन्हा आणि एक परवाना शेजारी शेजारी बसले आहेत.

वखारीच्या आत

वखारीचे दोन प्रकार मी पाहिले आहेत. पहिला जुना : विटांच्या भिंती, एक दार, खिडकी नाही, आत पोती आणि केळीची वाळलेली पाने. दुसरा नवा : थंड गोदामासारखे जाड फोमचे पत्रे, घट्ट लागणारे दार, वर पंखे आणि शीतयंत्र, खाली क्रेटच्या थप्प्या. क्रेटच्या रांगांमध्ये वारा फिरेल अशी जागा सोडलेली असते. एथिलीन सिलिंडरमधून देतात, नाहीतर एका छोट्या यंत्रात तापवलेल्या उत्प्रेरकावरून अल्कोहोल सोडून तिथेच तयार करतात. शंभर भाग म्हणजे हवेच्या फक्त ०.०१ टक्का. एथिलीन हवेत पेटायला पावणेतीन टक्क्यांच्या जवळपास लागतो, म्हणजे मान्य मर्यादेच्या सुमारे २७० पट.

वखारीत पाहिल्या पाहिल्या लक्षात येते की गॅस हा तिथला सर्वांत सोपा भाग आहे. खरी कसरत उष्णतेशी आहे. केळे तोडल्यावरही श्वास घेत असते आणि पिकू लागले की तो श्वास कितीतरी पटींनी वाढतो. त्या श्वासातून उष्णता निघते. ऐन पिकण्याच्या वेळी एक टन केळी साधारण दोनशे ते तीनशे वॅट उष्णता सोडतात. दहा टनांची खोली असेल तर दोन ते तीन किलोवॅट. त्याच्याही आधी, ट्रकमधून आलेल्या मालाची शेतातली व रस्त्यातली ऊब काढावी लागते. दहा टन केळी ३० अंशांवरून १६ अंशांवर आणायची तर सुमारे ४७ कोटी जूल उष्णता बाहेर काढावी लागते. हे काम चोवीस तासांत करायचे तर सतत साडेपाच किलोवॅट लागतात, म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॅटचे जवळजवळ तीन गीझर दिवसरात्र चालू असल्याइतकी उष्णता. जुना घरगुती फ्रिज शे-दीडशे वॅट उष्णता बाहेर टाकतो. यंत्र तेच, तत्त्व तेच, फक्त पाठीवरचे ओझे मोठे.

ही उष्णता काढली नाही तर केळे ‘शिजते’. आपल्याकडे पिकणारे ग्रँड नैन हे कॅव्हेंडिश गटातले केळे. २४-२५ अंशांच्या वर हे केळे पिकले तर गर मऊ होतो, पण सालीतले हरितद्रव्य पुरते मोडत नाही. साल हिरवट, मळकट राहते. बदलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. तिथे बिनथंडीच्या खोलीत कितीही चांगला गॅस दिला तरी पिवळेधमक केळे निघणे अवघड. उलट १३ अंशांच्या खाली गेले तर सालीच्या पेशींना इजा होते आणि साल राखाडी-तपकिरी पडते. म्हणून वखारीत १५ ते १८ अंश राखतात. हवा दमट ठेवतात, नव्वद टक्क्यांच्या पुढे, म्हणजे साल सुकत नाही. चोवीस तासांनंतर दार उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड घालवतात, कारण तो एक टक्क्याच्या वर गेला की पिकणे मंदावते आणि फार वाढला तर आत शिरणाऱ्या माणसाला घेरी येते. चार-सहा दिवसांत केळे हिरव्याकडून पिवळ्याकडे सरकते. जगभर त्याच्या सात पायऱ्या मानतात : पहिली गर्द हिरवी, सहावी पूर्ण पिवळी, सातवी पिवळ्यावर तपकिरी ठिपके. वखारवाला तिसऱ्या-चौथ्या पायरीवर माल बाहेर काढतो, म्हणजे गाडीवर पोहोचेपर्यंत तो विकण्याजोगा होतो.

उल्हासनगरच्या एका वखारवाल्याशी मी दोन-तीन वर्षे अधूनमधून बोलत आलो आहे. एकदा त्यांना विचारले, ‘शेठ, तुमचं केळं कायदेशीर, तापमान बरोबर, मग गिऱ्हाइकाला सरळ सांगत का नाही?’ ते म्हणाले, ‘भाऊ, खोली थंड ठेवायला मला विजेचं बिल भरावं लागतं. कार्बाइडवाल्याला एक पुडी पुरते. गिऱ्हाईक आम्हा दोघांनाही गॅसवालाच म्हणतं. मग मला जादा दोन रुपये कोण देणार?’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण सगळ्या प्रकरणाचा हिशेब त्यात आहे. थंड खोली महाग, पुडी स्वस्त. गिऱ्हाइकाला फरक कळत नसेल तर बाजारात स्वस्त पद्धतीचाच जोर होतो. श्रावणातले उपास, गणपती, दिवाळी, अशा दिवसांत मागणी एकदम वाढते आणि चार-सहा दिवस थांबायला कुणाला सवड नसते. पुडीचा मोह त्याच दिवसांत सर्वांत मोठा असतो.

एक घरगुती प्रयोग

तापमानाचे हे म्हणणे मी माझ्यापुरते तपासून पाहिले. माझ्याकडे १६५ लिटरचा एक जुना फ्रिज दुरुस्त होऊन पडला होता. त्याचा मूळ थर्मोस्टॅट काढून जास्त तापमानावर थांबणारा बसवला, म्हणजे आतले तापमान १६ ते १८ अंशांत राहील. मे महिन्यात वखारीतून, गॅस देण्याआधीची, एकाच घडाची हिरवीगार केळी आणली आणि तीन वाटे केले. एक वाटा घरच्या नेहमीच्या फ्रिजमध्ये, चार-पाच अंशांवर. दुसरा या जुन्या फ्रिजमध्ये, ओल्या फडक्याने झाकून. तिसरा पुठ्ठ्याच्या खोक्यात, पोटमाळ्यावर, जिथे दुपारी ३५ अंश होत. तिन्हींत एकेक पिकलेले सफरचंद ठेवले. एथिलीनची सोय तेवढीच. जुन्या फ्रिजचे दार रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे उघडे ठेवले.

चौथ्या दिवशी पोटमाळ्यावरचे केळे दाबले तर मऊ लागले, पण साल हिरवट-पिवळी आणि निस्तेज. चव गोड, तरी आंबूस छटा. सहाव्या दिवशी जुन्या फ्रिजमधली केळी पिवळी झाली, देठाशी किंचित हिरवी, गर घट्ट आणि सुवासिक. नेहमीच्या फ्रिजमधली करडी पडली होती. बाहेर काढून आठवडा ठेवली तरी ती धड पिकली नाहीत. तिन्ही वाट्यांना गॅस एकाच प्रकारचा मिळाला होता. फरक फक्त तापमानाचा होता.

यातून घरात वापरण्याजोगी एक गोष्टही निघते. हिरवे केळे फ्रिजमध्ये कधीच ठेवू नये. पूर्ण पिकलेले ठेवायला हरकत नाही. साल काळी पडते, पण आतला गर दोन-तीन दिवस चांगला राहतो.

कसोट्या आणि प्रश्न

कार्बाइडचे केळे ओळखण्याच्या अनेक कसोट्या फोनवरून फिरत असतात. देठ हिरवा असेल तर कार्बाइडचे, सगळीकडे सारखे पिवळे असेल तर कार्बाइडचे, काळे ठिपके असतील तर नैसर्गिक. वर सांगितलेल्या पायऱ्या आठवल्या तर या कसोट्यांचे फोलपण कळते. पाचव्या पायरीवरचे कोणतेही केळे टोकांशी हिरवे असते. चांगल्या थंड खोलीत वारा नीट फिरला तर घडभर सारखाच पिवळा रंग येतो. तो उलट चांगल्या कामाचा पुरावा आहे. आणि काळे ठिपके फक्त इतकेच सांगतात की केळे सातव्या पायरीवर आले. डोळ्यांनी पाहून केळे कुठल्या गॅसवर पिकले ते ओळखता येत नाही. या कसोट्यांनी कार्बाइडवाला सुटतो आणि थंड खोलीवाला मारला जातो.

विचारायचेच असेल तर गाडीवाल्याला ‘कुठल्या वखारीतला माल?’ असे विचारावे. गाडीवाला स्वतः केळी पिकवत नाही. तो सकाळी वखारीतून क्रेट उचलतो, आणि या प्रश्नाला तो खरे उत्तर देऊ शकतो. सोसायटीतल्या पाच-पंचवीस घरांनी मिळून एखादी वखार पाहायची ठरवली तर तेही अवघड नाही. तिथे तीन गोष्टी पाहाव्यात : तापमानाचा काटा आहे का आणि तो किती दाखवतो, दारे घट्ट लागतात का, आणि हवा बदलण्याची सोय आहे का. लसणासारखा दर्प आला किंवा कागदाच्या पुड्या दिसल्या तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. फळ घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली धुवावे, केळे असले तरी, कारण सोलताना सालीवरचे हाताला आणि हाताचे गराला लागते.

व्यापाऱ्यांच्या बाजूनेही काही करता येण्यासारखे आहे. लहान व्यापाऱ्याला स्वतःची थंड खोली परवडत नाही, पण दुसऱ्याच्या खोलीत क्रेटमागे भाडे देऊन माल पिकवता येतो. अशा भाड्याच्या खोल्या आमच्या पट्ट्यात वाढल्या तर पुडीचे कारणच उरणार नाही. आणि थंड खोलीवाल्याने ‘एथिलीनवर, १६ अंशांवर पिकवलेली केळी’ अशी पाटी उघडपणे लावावी. आज ती लावायला तो कचरतो, कारण पाटीतला पहिला शब्द वाचून गिऱ्हाईक निघून जाईल अशी त्याला भीती आहे. ती भीती घालवणे गिऱ्हाइकाच्याच हातात आहे.

फळांमध्ये केळे हे गरिबाचे फळ. सफरचंद परवडत नाही तिथे मुलाच्या डब्यात केळे जाते, आजाऱ्याला केळे दिले जाते. अर्धवट ऐकलेल्या भीतीपोटी जे घर केळे बंद करते, ते स्वस्तातले पोषण गमावते. आणि जे घर ‘झाडावर पिकलेले’ या उत्तरावर समाधान मानते, ते नकळत पुडीवाल्याला पाठीशी घालते. एथिलीन काय आणि कार्बाइड काय, हा भेद आठवीच्या मुलाला पाच मिनिटांत सांगता येतो. फ्रिजच्या मिस्त्रीला आर-१२ आणि आयसोब्युटेन यांतला फरक माहीत नसेल तर आपण त्याला यंत्राला हात लावू देत नाही. रोज पोटात जाणाऱ्या फळाबाबत तेवढी चौकशी आपण करायला हवी.